सोन्याचं मांजर किती तोळ्यांचं?

भगवतीचरण वर्मा मराठी वाचकाला ठाऊक असतात ते ‘चित्रलेखा’ (१९३४) या कादंबरीमुळे. त्यांची ‘प्रायश्चित्त’ ही कथा मात्र उत्तरेत शाळेच्या पुस्तकांमधून घरोघरी पोचलेली आहे. नव्यानं नांदायला आलेली चौदा वर्षांची सून, दुधातुपावर डल्ला मारणारी एक कबरी मांजरी, आणि एका सकाळी नेम धरून फेकलेला पाट. मांजरी निपचित पडते, घरात हलकल्लोळ होतो आणि पंडित परमसुख यांना बोलावणं जातं. पंडितजी सांगतात, शास्त्राप्रमाणे मांजरीच्या वजनाइतक्या सोन्याची मांजरी करून दान द्यायला हवी. पण कलियुग आहे, तेवढी श्रद्धा कुणात उरलेली नाही. शिवाय मांजरी वीस-एकवीस शेरांच्या खाली तर असायची नाही. तेव्हा निदान एकवीस तोळ्यांची तरी करा. घासाघीस होते आणि सौदा अकरा तोळ्यांवर येतो. एवढ्यात मोलकरीण धावत येऊन सांगते की मांजरी उठून पळून गेली.

हसून झाल्यावर पंडितजींचा आकडा एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. वीस शेर म्हणजे जवळजवळ पावणेएकोणीस किलो. घरातलं धट्टंकट्टं मांजर चार-पाच किलोंचं असतं. म्हणजे परमसुखांच्या अंदाजानं त्या एका मांजरीच्या अंगात चार मांजरी मावत होत्या. इतकं वजन वाढलेलं मांजर कुण्या पशुवैद्याच्या टेबलावर आलं, तर त्याला घाम फुटेल. पंडितजी अडाणी नव्हते. वीस शेर सोनं ऐकलेल्या माणसाला एकवीस तोळे फुकटात पडल्यासारखे वाटतात, एवढा व्यवहार त्यांना चांगला कळत होता. खऱ्या, साडेचार किलोंच्या मांजरीचं सोनं धरलं असतं तरी ते तीनशे पंच्याऐंशी तोळ्यांच्या घरात गेलं असतं.

कथा काशीत घडत नाही. पण महाराष्ट्रात हाच नियम सांगितला जातो तेव्हा त्याला काशी हमखास चिकटलेली असते. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीकडून ऐकलं नाही असा माणूस कोकणात, देशावर किंवा विदर्भात सापडणं कठीण. दगड उचललेल्या पोराचा हात या एका वाक्यानं खाली येत असे. सोनं परवडायचं नाही आणि काशी तर त्याहून लांब. रेल्वेपूर्वीच्या काळात काशीयात्रेला निघालेला माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घेऊनच निघे. मांजरापायी कोण जातो तिथवर! नियमाचा सगळा धाक तो पाळणं अशक्य असण्यात होता.

जुन्या स्मृतींमध्ये मात्र हे सोनं नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा यांच्या हत्येची एकत्र नोंद आहे. तिथे आधी भारी प्रायश्चित्त सांगितलंय आणि लगेच पुढच्या श्लोकात हलके पर्याय दिलेत: तीन रात्री नुसत्या दुधावर राहावं, नाहीतर एक योजन चालावं, नाहीतर वाहत्या नदीत स्नान करावं, नाहीतर जलदेवतेचं सूक्त जपावं. याज्ञवल्क्यही तीन दिवस दूध पिण्याचंच सांगतो, किंवा कृच्छ्र व्रताचा एक चतुर्थांश. मांजर मारणाऱ्यानं मांजराचाच आवडता आहार घ्यायचा, यात शास्त्रकारांना काही मिश्कीलपणा अभिप्रेत नसावा, पण वाचणाऱ्याला तो दिसतोच. त्याच यादीत सापाला लोखंडाची कुदळ, रानडुकराला तुपाचा घडा, पोपटाला दोन वर्षांचं वासरू, घोड्याला वस्त्र असे दानाचे दर ठरलेले आहेत. सोन्याचं मांजर त्यात बसत नाही.

मांजराला इतकं जपायचं कारण कौटिल्यानं धर्माची भाषा न वापरता सांगितलंय. उंदरांचा उपद्रव वाढला तर मांजरं आणि मुंगसं मोकळी सोडावीत, आणि त्यांना पकडणाऱ्या किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड करावा. धान्याची कोठारं राखणारा हा बिनपगारी शिपाई होता. त्याला मारणं म्हणजे सरकारी कामात अडथळा. काशीसारख्या गावात कोठारांच्या जोडीला पोथ्यांची दप्तरंही असत. लाल बासनात बांधलेली ती कागदाची चळत उंदराला धान्यापेक्षा कमी प्रिय नसते.

दुधाच्या तीन रात्रींपासून सोन्याच्या तोळ्यांपर्यंतचा प्रवास कसा झाला असेल, याचा माग प्रायश्चित्ताच्या ग्रंथांतच लागतो. मध्ययुगीन निबंधकारांनी कठीण व्रतांना ‘प्रत्याम्नाय’ म्हणजे बदली पर्याय मान्य केले. बारा दिवसांचं प्राजापत्य कृच्छ्र झेपत नसेल तर एक गाय द्या. गाय नसेल तर तिचं मोल द्या. उपासाचं गाईत आणि गाईचं नाण्यात रूपांतर करण्याची वाट एकदा मोकळी झाली की मग पापाचा दर ठरवणारा माणूस लागतो. तो दर ठरवणाऱ्यांची देशातली सर्वात मोठी पेठ काशी होती आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या गादीवर बरीचशी मराठी माणसं बसलेली होती.

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३चा. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांच्या यात्रेचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ त्यांचा. पुढच्या पिढ्यांत कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, जो आजही भिक्षुकांच्या हाताशी असतो. त्यांचे चुलतबंधू नीलकंठभट्ट यांनी बारा ‘मयूख’ लिहिले. त्यांतला ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयात वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानला गेला. बाकीच्यांत एक ‘दानमयूख’ आहे आणि एक ‘प्रायश्चित्तमयूख’. घरच्या उपाध्यायाला अडलं की गावच्या शास्त्र्याला विचारायचं, त्याला अडलं की काशीकडे बोट दाखवायचं, हा शिरस्ता याच घराण्यांमुळे पक्का झाला. आजीच्या तोंडच्या वाक्यात काशी आली ती या वाटेनं.

याच भट्ट घराण्यातले विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आले. त्या सोहळ्यात महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन तेव्हा गडावर होता. तुलेला सोळा हजारांच्या आसपास होन लागल्याचं त्यानं लिहून ठेवलं. पुराणांतल्या सोळा महादानांत तुलापुरुषदान पहिलं. मोगल बादशहाही वाढदिवसाला तराजूत बसत. या विधीत वजनाला एक वेगळाच मान होता: पारडं जितकं जड तितकं दान मोठं. राजाचं वजन वाढलं तर ब्राह्मण खूश. मांजराच्या वजनाइतकं सोनं हा या महादानाचाच घरगुती धाकटा भाऊ, फक्त इथे यजमानाला वाटत असतं की मेलेलं मांजर शक्य तितकं हडकुळं निघावं.

आता तोळा तरी कुठला? शेर आणि तोळा गावागणिक, कधी पेठेगणिक बदलत. तो गोंधळ मिटवण्याचं बरंचसं श्रेय ज्या माणसाला जातं त्यानं उमेदीची दहा वर्षं बनारसमध्येच काढली. जेम्स प्रिन्सेप १८२० साली बनारसच्या टांकसाळीत धातू पारखणारा अधिकारी म्हणून आला आणि टांकसाळ बंद होईपर्यंत, १८३०पर्यंत, तिथे राहिला. शहराचा नकाशा, लोकांची मोजणी, घाटांची चित्रं हे सगळं त्यानं नोकरी सांभाळून केलं. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून तो पुढे जगप्रसिद्ध झाला, पण सराफाला त्याची आठवण वेगळ्या कारणानं असायला हवी. वजनमापांत एकसूत्रता आणण्याचा आग्रह त्यानं धरला आणि १८३३च्या कायद्यानं १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरला. परमसुखांचा एकवीस तोळ्यांचा हिशेब याच तोळ्याचा. आजच्या मापात २४५ ग्रॅम.

वजन वाढलेल्या मांजराची सर्वात जुनी आणि सविस्तर ‘केस’ही गंगाकाठचीच आहे. ती महाभारताच्या उद्योगपर्वात सापडते. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन शकुनीचा मुलगा उलूक याला पांडवांकडे धाडतो आणि युधिष्ठिराला डिवचण्यासाठी ही गोष्ट सांगायला लावतो. एक मांजर गंगेच्या तीरावर दोन्ही हात वर करून तप करू लागतं. हिंसा सोडल्याचं जाहीर करतं. आधी पक्षी विश्वास टाकतात, मग उंदीर त्याला ‘मामा’ म्हणत आश्रयाला येतात. (आपल्याकडे मांजर वाघाची मावशी, तिथे उंदरांचा मामा.) मामा म्हणतो, तप आणि तुमचं रक्षण ही दोन्ही ओझी एकदम झेपत नाहीत, उपासानं अंगात त्राण उरलं नाही, तेव्हा रोज मला नदीपर्यंत पोचवत जा. उंदीर आनंदानं तयार होतात.

आणि मामा फुगू लागतो.

व्रतस्थ, निराहार, थकलेलं मांजर दिवसेंदिवस गुटगुटीत होतंय, अंगावर तुकतुकी येतेय, सांधे भक्कम होतायत. आजच्या डॉक्टरपुढे हेच गाऱ्हाणं वेगळ्या शब्दांत मांडलं जातं: काही खात नाही हो, तरी वजन वाढतंय. उंदरांमधला डिंडिक नावाचा एक शहाणा छडा लावायला पुढे होतो. तुम्ही पुढे व्हा, मी मामांबरोबर मागून येतो म्हणतो, आणि परत येत नाही. शेवटी कोलिक नावाचा एक वृद्ध उंदीर निदान करतो. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. तो पहिल्यांदा मांजराची विष्ठा पाहतो: कंदमुळं खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे? मग दोन गोष्टी शेजारी ठेवतो: याचं अंग वाढतंय आणि आपली संख्या घटतेय. मग कालावधी मोजतो: डिंडिक दिसेनासा होऊन सात-आठ दिवस झाले. शौचाचा नमुना, आहाराचा खरा हिशेब, बदल कधीपासून सुरू झाला याची तारीख. पशुवैद्यकाच्या वर्गात पहिल्या तासाला शिकवावा असा हा उतारा आहे. कोलिकाकडे तराजू नव्हता एवढंच.

या गोष्टीच्या प्रवासातही काशीच्या मराठी वस्तीचा हात आहे. महाभारताची सर्वात जास्त वाचली गेलेली टीका म्हणजे ‘भारतभावदीप’. ती लिहिणारे नीलकंठ चतुर्धर हे गोदाकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काशीत राहिले, ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून त्यांनी पाठ ताडून पाहिले आणि त्यातून उभी राहिलेली संहिता पुढे घरोघर प्रचलित झाली. मयूख लिहिणारे नीलकंठभट्ट वेगळे आणि हे वेगळे. एकाच गावात, एकाच शतकात दोन मराठी नीलकंठ असल्यानं पुष्कळांची गल्लत होते. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसनं १९२९पासून छापलेल्या महाभारतालाही याच चतुर्धरांची टीका जोडलेली आहे.

ढोंगी मांजर या टीकेच्या कितीतरी आधी दगडावरही चढलं होतं. तमिळनाडूत ममल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या विशाल शिल्पपटावर गंगावतरणाच्या गर्दीत एक मांजर मागच्या पायांवर उभं आहे, पुढचे दोन्ही पाय जोडून डोक्यावर नेलेले, आणि पायाशी उंदीर. मनुस्मृतीनं तर दिखाऊ धार्मिक माणसासाठी ‘बैडालव्रतिक’ अशी जातच पाडली आणि अशाला पाणीसुद्धा देऊ नये म्हटलं.

पाली जातकांत चित्र उलटं आहे. ‘बब्बुजातक’ ही १३७ क्रमांकाची कथा काशी देशातल्या एका खेड्यात घडते, बनारसला ब्रह्मदत्ताचं राज्य असताना. पुरलेल्या धनावर राहणारी एक उंदरी रोज एक नाणं आणून एका पाथरवटाला देते. तो त्यातून तिच्यासाठी मांस आणतो. एका मांजरानं धरल्यावर ती रोजच्या मांसातला अर्धा वाटा देऊन सुटका करून घेते. मग दुसरं मांजर येतं, तिसरं, चौथं. वाटे पडत जातात आणि उंदरी हाडं-कातडं होते. पाथरवट विचारतो, एवढी वाळलीस का? कारण कळल्यावर तो तिला स्फटिकाची पोकळ गुहा करून देतो. मांजरं झडप घालतात आणि अदृश्य भिंतीवर आपटून मरतात. पाथरवटाच्या रूपातला बोधिसत्त्व मांजरहत्येचं प्रायश्चित्त घेत नाही, हे लक्षात घ्यावं.

या कथांमधून एक गोष्ट ठळक दिसते. मांजर जाड झालं की कुणी त्याची प्रकृती विचारत नाही. विचारतात ती चोरी. काशीत दशाश्वमेधच्या दक्षिणेकडे पसरलेल्या बंगाली टोल्यातल्या बायका ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला अरण्यषष्ठीचं व्रत करतात. मुलाबाळांची राखणदार षष्ठीदेवी, आणि तिचं वाहन मांजर. व्रतकथेतली सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर मालकिणीकडे तक्रार नेतं. सुनेचं प्रत्येक नवजात मूल उचलून देवीकडे पोचवतं. सून चूक कबूल करते तेव्हा मुलं परत मिळतात. उत्तरेला पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला मराठी वाड्यांत हीच षष्ठी ‘सटवाई’ होऊन पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहिते. तिला मांजर नाही. पण मराठी स्वयंपाकघरातला आळ तोच. त्या आळाचा पुरावा आढ्याला टांगलेला असे: शिंकं. दोरीची ही जाळी लोण्यादह्याची भांडी अधांतरी ठेवण्यासाठी होती, आणि शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं ही म्हणही त्याच घरातली.

लठ्ठपणाला रोग म्हणणारी विद्या काशीपासून लांब नव्हती. सुश्रुतसंहितेचा उपदेशच काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या तोंडून येतो आणि त्यात माणसाचं स्थूलपण आणि कृशपण दोन्ही अन्नरसावर अवलंबून असल्याचं सांगितलंय. चरकानं अतिस्थूलाची कारणं मोजली आहेत: भरमसाट आणि स्निग्ध खाणं, व्यायामाचा अभाव, मैथुनाचा अभाव, दिवसा झोपणं, सदा आनंदात असणं, कसलीच चिंता नसणं, आणि बीजाचा स्वभाव म्हणजे वंश. यादी माणसासाठी केलेली आहे, पण घरात पाळलेल्या, नसबंदी झालेल्या मांजराचं याहून नेमकं वर्णन आधुनिक पुस्तकातही सापडत नाही. दिवसातले बारा-पंधरा तास झोप आणि चिंता शून्य! मैथुनाचा मुद्दा तर थेट लागू पडतो. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते.

तरी ही विद्या मांजरापर्यंत आली नाही. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा होती, हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’. ज्याच्यावर लढाई, शेती किंवा दळणवळण अवलंबून, त्याला वैद्य. मांजराला फार तर आसरा मिळे. १५८०च्या दशकात हिंदुस्थान हिंडलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच बनारसला आला तेव्हा नदीकाठच्या घरांतल्या सिंह, बिबटे, माकडं, मोर अशा मूर्ती त्यानं नोंदल्या. जिवंत मांजरांची सोय मात्र त्याला खंबायतला दिसली, जिथे लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी इस्पितळं होती. तीच पांजरपोळांची रीत पुढे मुंबईला आली. १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून शहरात पारशांनी दंगा केला आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरपोळ सुरू झालं. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय उघडलं. सरकारची खरी घाई मात्र गुरांच्या साथींची होती. पुण्यात १८८९ साली निघालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली ती बुळकांडीच्या अभ्यासासाठी. या सगळ्या धांदलीत मांजराला कुणी काट्यावर उभं केलं नाही.

ते गेल्या पन्नासेक वर्षांत झालं, आणि झाल्यावर कळलं की म्हाताऱ्या मांजराचं वजन ही फसवी गोष्ट आहे. मांजरं मध्यमवयात जाड होतात आणि साधारण अकरा-बारा वर्षांनंतर उलट बारीक होऊ लागतात. म्हातारपणी वाळणाऱ्या मांजरांत थायरॉइड वाढलेली बरीच निघतात. हा रोग न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९७९मध्ये पहिल्यांदा वर्णन केला. म्हणून तेरा वर्षांचं मांजर जाड होत असेल तर ते नेहमीच्या वाटेच्या उलट चाललेलं असतं. कारण पुष्कळदा साधंच निघतं: सांधे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तर नव्वदांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. फक्त कपाटावर उडी मारणं सोडतं, आणि वाटी तीच राहते.

कधी वाढतं ते मांस नसतंच. पोट फुगलेलं, पण पाठीचा कणा हाताला टोचतो, अशा मांजरात पाणी साठलेलं असतं, हृदयाच्या, यकृताच्या किंवा संसर्गाच्या आजारानं. वजनकाट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही. खाज किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने दिलेली स्टेरॉइडंही भूक भडकवतात. आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे तो कोलिकालाही चकवेल असा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त सुटतं. बहुतेकदा म्हातारे, नसबंदी झालेले बोके. त्यांना मधुमेह होतो, इन्शुलिन वाढवत नेलं तरी साखर हटत नाही, आणि एरवी मधुमेहानं मांजर खंगतं तिथे हा बोका वजन घेत जातो. जबडा रुंद होतो, पंजे मोठे होतात. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली!

तपासणीची सुरुवात बोटांनी होते. डॉक्टर मांजराच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर पंजे ठेवून हलकेच सरकवतात: बरगड्या मोजता आल्या तर ठीक, दाबून शोधाव्या लागल्या तर जास्त. नऊ अंकांच्या मोजपट्टीवर पाच म्हणजे बेताचं. पुढचा प्रत्येक अंक साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजनाचा. मागच्या पायांमधली लोंबती कातडीची पिशवी मात्र बहुतेक मांजरांना असतेच, तिच्यावरून लठ्ठपणा ठरवायचा नाही. घरी युक्ती सोपी: माणसानं मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग मांजर खाली ठेवून. वजाबाकी दर महिन्याला कॅलेंडरवर लिहायची.

बनारसच्या गल्लीत या वजाबाकीला एक वेगळी अडचण आहे. इथे मांजर एका घराचं क्वचितच असतं. चौखंबा, ठठेरी बाजार, कचौडी गली या भागांत घरं भिंतीला भिंत आणि गच्चीला गच्ची लावून उभी आहेत. खालच्या हलवायाकडे लोखंडी कढईत सकाळपासून दूध आटत असतं आणि मलईचे थर कढईच्या कडेला चिकटत जातात. थंडीत पहाटे मलइयोचा पिवळा फेस मातीच्या कुल्हडांत भरला जातो. गच्च्यांवरून उतरणारं मांजर एका घरी राणी असतं, दुसऱ्या घरी मुन्नी, तिसऱ्या घरी बिनानावाचं, आणि प्रत्येक घरी उपाशी. मालकीण शपथेवर सांगते की ही तर काही खातच नाही, आणि ती खोटं बोलत नसते. डॉक्टर मग गळ्यात कागदाची पट्टी बांधायला सांगतात, ‘हिला खायला घालू नका’ असं लिहून, मालकिणीच्या फोननंबरसकट. पट्टी दोन दिवसांत गळून पडते.

आणि खाणं एकदम तोडायचं तर त्यात जिवाला धोका आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात येऊन साठते, कावीळ होते आणि मांजर दगावू शकतं. माणसाला पुण्य देणारा उपास मांजराला सोसत नाही. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सहा किलोंच्या मांजराचं साठेक ग्रॅम, एवढीच घट धरून चालतात. तेवढी घट पडायची तर दुपारची वाटी बंद व्हायला हवी. आणि ती वाटी भरून ठेवणारी शेजारची म्हातारी काशीवासाला आलेली असते, दिवसभर दाराशी बसलेली, मांजराखेरीज तिच्याशी बोलायला फारसं कुणी नसतं. तिच्याकडे मालकिणीनं वजनाचा कागद नेला तरी ती तो बघते, मान डोलावते आणि दुधात थोडं पाणी घालायला कबूल होते.